मुदखेडच्या फाटकावरची पेट्रोल बचत

माझ्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन बसलं, तेव्हा मी नांदेडच्या भंगारातून दुसरं इंजिन आणून तिच्यात बसवलं. त्याला दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखी हवा ओढली नाही तर गाडी खोकते. म्हणून महिनाभर रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरला अन् दुसरं कानाला लावून मी दोघांचा श्वास जुळवत बसलो. गल्लीला वाटलं, मी डॉक्टरकी शिकून राहिलोय. शेवटी इंजिन चालू असतानाही बॉनेटवर ठेवलेल्या कपातला चहासुद्धा हलेना.

मग मला दुर्बुद्धी सुचली. थोरल्या भावाला फेरी मारायला सोबत घेतलं. भाऊ म्हणजे पेट्रोलचा रखवालदार. उतार दिसला की गाडी न्यूट्रल करणारा महापुरुष. मुदखेडच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. मी काही म्हणायच्या आत त्यानं हात घालून चावी फिरवली.

"कशाला फुकट जाळून राहिलास?"

तापलेलं इंजिन असं बंद केलं की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि गाडी पुन्हा चालू व्हायचं नाव घेत नाही. रेल्वे गेली, फाटक उघडलं, मागं हॉर्नचा बँडबाजा सुरू झाला. वाऱ्याशी शर्यत लावायला जन्मलेली ती गाडी आम्ही दोघांनी ढकलत रुळांपलीकडे नेली. उसाचा ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागं टाकून गेला.

भाऊ घामानं निथळत होता, पण चेहरा लई समाधानी.

"बघ," तो म्हणाला, "इथवर थेंबभर पेट्रोल लागलं न्हाई."