नांदेड ते लातूर: अर्ध्या तासाचं विमान आणि आईचा कॅन

"आत्ता येऊ नको आई," असं अक्का पुन्हा म्हणाली आणि आईनं फोन ठेवून डोळे पुसले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लातूरला दिलेली. लेक आपल्यावर रुसली की तिचं काही दुखलंखुपलं, या घोरानं आई धड जेवेना. तिचं मन रमावं म्हणून मी सहज फोनवर नांदेड–लातूर विमानाचं अंतर शोधलं. शंभर-सव्वाशे किलोमीटर, उड्डाण जेमतेम अर्ध्या तासाचं.

"मग बसू की इमानात," आई म्हणाली.

विमानतळ दोन्ही गावांना आहे. फक्त इथलं विमान तिथं जात नाही, एवढी बारीकशी गोष्ट वेबसाइटनं सांगितली नव्हती.

मग सकाळची एसटी. आईला अर्धं तिकीट. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. खड्ड्यांसकट चार तास धरा आणि डावीकडे बसू नका, ऊन भाजून काढतं. दुष्काळातल्या लेकीसाठी आईनं मोठा कॅन भरून पाणी घेतलं होतं.

"मावशी, लातूरला पानी न्यायलाव व्हय?" कंडक्टरनं विचारलं.

"लेकीला."

त्यानं कॅन उचलून ड्रायव्हरच्या मागे ठेवला.

अहमदपूरच्या स्टँडवर भजी झकास मिळतात. चहा कागदी कपात, कारण गिलास विसळायला पाणी नाही. शेजारी दोन म्हातारे नव्या जिल्ह्यावरून वाद घालत होते.

"उदगीर जिल्हा व्हायलाय म्हनं. आपुन तिकडं जानार."

"जाऊ की. घागर घिऊन जावं का मोकळंच?"

लातूरला दार उघडलं तशी अक्का बघतच राहिली आणि रडायला लागली.

"टँकरचं पानी प्यायलाच पुरंना. तुझ्या पायावर काय घालू, म्हनून नको म्हनत होते."

आमच्याकडे माहेरचं माणूस उंबऱ्याशी आलं की लेक आधी त्याच्या पायांवर पाणी घालते. त्या तांब्याभर पाण्यापायी तिनं आईला लांब ठेवलं होतं.

"येडी हायस," आई म्हणाली. तिनं परात मागवली, तीत उभी राहिली आणि कॅनमधून तांब्या भरायला लावला. "घाल आता."

अक्कानं पाणी घातलं, पदरानं पाय पुसले. परातीतलं पाणी दाजींनी मोगऱ्याला नेऊन ओतलं.

दुसऱ्या दिवशी निघालो. भांडं रिकामं परत पाठवायचं नाही म्हणून अक्कानं पाणी काढून वाळवलेला कॅन नरसाळं लावून निम्मा तूरडाळीनं भरला.

घरी आई डाळ डब्यात ओतत होती तेव्हा मी तिला म्हटलं, "विमानात एवढं पाणी सोबत घेऊन बसू देत नाहीत."

आईचा हात थांबला. "मग नगं बाई ते इमान."

मूठभर डाळ तिनं कॅनच्या तळाशी तशीच राहू दिली. मी विचारलं, कशाला?

"लेकीचा कॅन हाय. पुन्यांदा पानी भरंस्तवर मोकळा नको."