नियोजनात आमचा सहभाग

नव्वदीच्या दशकात जिल्ह्यात साक्षरतेचं वारं सुटलं, त्याआधीपासून आमचं महिला मंडळ कुपवाडला बायकांना लिहा-वाचायला शिकवत होतं. मंडळ म्हणजे मी आणि आणखी दोघी. शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी एक खोली मोकळी मिळायची. दोन ते चार ही वेळ बायकांनीच ठरवली होती. सकाळी कारखान्यात जाणाऱ्यांचे डबे आणि संध्याकाळी सातला नळाचं पाणी, यांच्यामधली तेवढीच दुपार त्यांची स्वतःची होती.

पहिल्या रांगेत खाला बसायची. दारोदार बांगड्या भरणारी विधवा बाई, टोपली दाराशी ठेवून पाटी घ्यायची. तिची एकुलती लेक खंडाळ्याला दिलेली. लेकीचं कार्ड आलं की कोपऱ्यावरचा दुकानदार गिऱ्हाइकांसमोर ते मोठ्यानं वाचून दाखवायचा. प्रत्येक कार्डात एकच मजकूर, मी सुखात आहे.

"ती खरं लिहीत न्हाई बाई," खाला मला म्हणाली होती. "वाचणारा दुसराच हाय, हे तिला ठावं हाय. मला वाचाया येतंय असं कळलं, की लिहील."

अक्षरं तिला येऊ लागली होती. जोडाक्षरांपाशी अडत होती, एवढंच.

अशात जिल्ह्याच्या साक्षरता मोहिमेकडून आम्हाला बोलावणं आलं. स्वयंसेवी संस्थांना नियोजनात सामावून घ्या, असा वरून आदेश होता. म्हणून आम्हाला सामावून घेतलं, म्हणजे सांगलीच्या एका सभागृहात खुर्च्यांवर बसवलं. दीपप्रज्वलन झालं. पाहुण्यांना शाल-नारळ आणि आम्हाला एकेक गुलाब मिळाला. साताऱ्याहून एक मार्गदर्शक आले होते. अडाणी बाईला ज्ञानाची भूक कशी लागते, हे ते तासभर सांगत राहिले. कुठल्या बाईला त्यांनी हे विचारलं होतं, देव जाणे. आमचं मत मागायची आठवण मोहिमेच्या साहेबांना झाली तेव्हा मागच्या दारातून मसालेभाताचा वास येत होता आणि निम्म्या संस्था चपला शोधत होत्या.

मी उभी राहिले. म्हटलं, "सातला आमच्याकडे पाणी येतं. तेव्हा वर्गाला कुणी येणार नाही. आमचा वर्ग दुपारीच राहू द्या."

"उत्तम सूचना!" साहेब म्हणाले. "नोंद घ्या हो."

शेजारच्या कारकुनानं मान डोलावली. त्याच्या पेनाला टोपण होतं, ते तसंच राहिलं.

जेवणानंतर आराखड्याची पुस्तिका वाटली. छापून तयार होती! सर्व केंद्रं सायंकाळी सात ते नऊ, कारण दिवसा बायका शेतावर असतात. कुपवाडात कुणाचं शेत यांनी पाहिलं, कोण जाणे. पण शेवटच्या पानावर 'नियोजनात सहभाग' या मथळ्याखाली आमच्या मंडळाचं नाव होतं. त्या माणसांची मला आजही किळस येते. पण खरं सांगायचं तर ते नाव पाहून मला गुदगुल्या झाल्या. परतताना एसटीत मी ती पुस्तिका शेजारच्या अनोळखी बाईला दाखवली.

मग मला मोहिमेच्या समितीवर घेतलं. खोली आणि पुस्तकं सातच्या वर्गालाच मिळतील, असं कळवलं गेलं. दुपारचा वर्ग माझ्या ओसरीवर भरवता आला असता. पाट्या आमच्याच होत्या. पण आराखड्यात नसलेला वर्ग समितीच्या सभासदानंच चालवायचा, हे शोभलं नसतं. हा माझा त्या वेळचा शब्द, शोभणं. मी वेळ बदलली.

पहिल्या संध्याकाळी खोलीत मी, एक कंदील आणि फळा. बाहेर नळावर माझा अख्खा वर्ग रांगेत उभा होता. खालाही होती. तिनं हातातली कळशी जराशी वर करून मला दाखवली. पुढंही तसंच चाललं. तपासणीला माणूस आला की मी चार बायकांना हाताला धरून आणून बसवायची. केंद्र चालू असल्याचा शेरा मिळायचा. समारोपाला मलाही शाल-नारळ मिळाला आणि मी तो वाकून घेतला.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी खाला माझ्या ओसरीवर आली. टोपली खाली ठेवून तिनं पदराआडून कार्ड काढलं.

"दुकानदाराकडं न्हाई नेलं," ती म्हणाली. "तुमीच वाचा, बाई."

मी वाचलं. प्रकृतीची चौकशी, दिरांचा सलाम आणि मी सुखात आहे.

खालानं कार्ड परत घेतलं. एका ओळीवर बोट ठेवून ओठ हलवत दोन अक्षरं लावली, तिसऱ्याशी थांबली.

"व्हय," ती म्हणाली. "तुमी वाचलं म्हंजे सुखातच असणार."

तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. दुपारचे दोन वाजले होते.