गोठ्यापाशी येनारी रेंज

त्या दिशी गुंजवण्याच्या घरात मी, माझी सून आनि तिच्या पोटातलं लेकरू, आमी तिघंच होतो. तांदळाची पेज उकळली की त्योच दिवस पुढं येतो. सुनंला आठवा महिना लागलेला. पेज पिऊन म्हनली, "आत्या, सकाळधरनं हाललं न्हाई वो." मोबाईलला रेंज फकस्त गोठ्याच्या भिताडापाशी येती, तितं जाऊन वाचत हुबी राह्यली. म्या इचारलं, "काय म्हंतंय गं त्ये?" "एक म्हंतंय झोपलं आसंल, दुसरं म्हंतंय लगीच दवाखाना गाठा." म्या तिच्या चपला आनल्या. "चल, यष्टी यील आता." "मागं दोनदा उगंच गेलो, दवाखान्यात हसत्यात. थांबा, ह्ये एक उघडतंय." मोबाईलवर नुसतं चाक फिरत हुतं. खाली यष्टीचा हारन वाजला नि गाडी गेली. मला वाचता येत न्हाई, तिला वढून नेता येत न्हाई. चपला हातात धरून हुबी राह्यले. सांजच्याला दुधाच्या टेम्पोतनं दवाखान्यात गेलो, तवा डाक्टरीनबाई म्हनल्या, बाळाचं ठोकं न्हाईत. घरी आमी दोघीच आलो. सून आजबी पेज तोंडाला लावीत न्हाई. ह्ये वाचनाऱ्या पोरींनो, पोट गप वाटलं तर मोबाईलला इचारत बसू नका, मिळंल ती पयली गाडी धरा.