गेसारेचे बाबा

ओल्या दगडाचा वास आला की गेसारेला आजही बाबा आठवतात. आणि टबाका गावात त्या वासाला काय तोटा! अंगणाअंगणात मऊ दगडाचे हत्ती, पाणघोडे, वाडगे घडत असतात. पुरुष कोरतात, बायका-मुली ते पाण्यात बुडवून घासतात. तिचे बाबा, न्यांबाने, कोरायला बसले की शीळ घालायचे. मधूनच समोर घासत बसलेल्या लेकीच्या हातात सोललेल्या उसाचं कांडं ठेवायचे.

"माझ्या पोरीसारखा हात गावात दाखवा कुणाचा!" येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. गेसारे लाजून आणखी जोरात घासायची.

आई तापानं गेली तेव्हा ती लहानच होती. मग घरात दोघंच उरली. सकाळी नाचणीची पेज, दिवसभर दगड, संध्याकाळी चुलीपाशी बाबांच्या गोष्टी. इतकं सुख आपल्याला पुन्हा कधी मिळालं नाही, असं ती अजूनही म्हणते. ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटतं, पण खरं आहे ते.

शेजारी काकू राहायची, बोसिबोरी. काका वारले आणि गुलाबी दगडाची खाण तिच्याकडे राहिली. त्या दगडासाठी नैरोबीचे व्यापारी गावात खेटे घालत. न्यांबानेची खाण मात्र केव्हाच कोरडी झाली होती, आत नुसता कठीण खडक.

एकदा ती घासत असताना बाबांनी सहज विचारलं, "तुझी आई शेवटी कुणाच्या हातची पेज प्यायली गं?"

"काकूच्या."

"हं," बाबा म्हणाले आणि पुन्हा कोरू लागले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोरीनं खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, "जाऊ दे. तुला पेलायचं नाही ते." पुढे रोज थोडं थोडं पेलायला देत गेले. काकू पेजेत काहीतरी कालवायची. काकूला आईचा हेवा वाटायचा. हे सांगताना बाबा रडायचे. बाप रडताना बघणं गेसारेला सोसायचं नाही. ती त्यांचे डोळे पुसायची.

"मी काही केलं तर मला जन्मभर आत टाकतील. मग तुला कोण?" ते म्हणायचे. "लहान पोरांना कोर्ट काही करत नाही म्हणा."

अमुक कर, असं ते तिला एकदाही म्हणाले नाहीत.

मग एका सकाळी बाजाराला निघताना त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "काकू आज खाणीत एकटीच उतरलीय. काठावरचा तो मोठा दगड फार सैल झालाय बघ. कधीतरी पडायचाच."

गेसारे खाणीच्या काठावर गेली. खाली काकू पाठमोरी, वाकून खोदत होती. गेसारेनं दगडाला खांदा लावला.

काकू वाचली. पाय मात्र गुडघ्याखाली चिरडला. माणसं धावत आली तेव्हा गेसारे तिथेच उभी होती. पोलिसांना, न्यायाधीशबाईंना, सगळ्यांना तिनं एकच सांगितलं, "मीच ढकलला. बाबांना काही माहीत नव्हतं."

तिला लांबच्या शहरात मुलींच्या सुधारगृहात ठेवलं. भेटीच्या दिवशी ती वेणी घालून फाटकापाशी बसायची. बाबा आले नाहीत. काकू दवाखान्यात असतानाच त्यांनी गुलाबी खाणीत माणसं लावली होती. तिथून त्यांना वेळ कुठला मिळणार?

आली ती काकू. कुबड्या टेकत, पाठीवर पिकलेल्या केळ्यांचं गाठोडं घेऊन.

"खा आधी," ती म्हणाली. "काय हाडं झालीत तुझी!"

गेसारेनं केळ्याला हात लावला नाही.

"विष नाही घातलेलं," काकू फणकारली. एक केळं सोलून तिनं स्वतः खाल्लं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या आईला शेवटी गिळवत नव्हतं गं. बोटानं पेज चाटवायचे मी. आणि त्याच वाटीतली तुलाही भरवायचे. एवढं कसं विसरलीस?"

गेसारे विसरली नव्हती. बाबांनी तिला नेमकं तेवढंच आठवू दिलं नव्हतं. ती काकूच्या मांडीत डोकं घालून रडली, आणि दुसऱ्या दिवशी सुधारगृहाच्या बाईंना तिनं सगळं सांगितलं, पेजेच्या त्या पहिल्या प्रश्नापासून.

कोर्टात बाबा म्हणाले, "पोरीला कुणीतरी पढवलंय, साहेब." त्यात खोटं काही नव्हतं.

ते तुरुंगातच वारले. गेसारे गावी परतली ती काकूच्याच घरी. खाण आता दोघी मिळून चालवतात. गेसारे कोरते. बाईनं कोरावं का, म्हणून गावानं आधी नाकं मुरडली, मग तिचे पाणघोडे विकत घेतले.

कधी कोरता कोरता तिचे डोळे भरतात. तिला स्वतःचीच लाज वाटते. "काकू, मला अजून त्यांची आठवण येते गं. तुझ्यासमोर कसं बोलू?"

"बोल की," काकू म्हणते. "मी लग्न होऊन आले तेव्हा सासरी हसून बोलणारा तो एकटाच होता. माणूस एका दिवसात वाईट होत नाही, नि आपल्यालाही तो एका दिवसात विसरता येत नाही."

गेसारेची लेक मोराआ बादलीपाशी चुळबुळत असते. "आई, मला नाही घासायचं आज. खेळायला जाऊ?"

"जा," गेसारे सांगते, "आणि जाताना आजीची काठी तिच्या हाताशी ठेव."