तुळईतले भुंगे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे सुतारकाका कुठल्याही लाकडावर हत्यार चालवण्याआधी त्याला कान लावतात. त्यांचं बोलणं इतकं हळू, की ऐकायला जवळ जावं लागतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला काळ्या भुंग्यांनी आमच्या ओसरीच्या तुळईला भोकं पाडली. खाली भुसा पडायचा. भुंगे घोंघावू लागले की सासूबाई घाबरून आत निघून जायच्या. मी काकांना बोलावलं आणि औषधाचा फवारा पुढे केला.

त्यांनी स्टुलावर चढून तुळईला कान लावला.

"आत पिल्लं हायती की, ताई. आत्ता बुजवलं तर दुसरीकडनं कोरून निघतील, न्हायतर आतच मरतील. म्हैनाभर दम धरा."

"आणि कोणाला चावले तर?"

"हात लावल्याबिगर न्हाय चावत."

मला वाटलं, काम टाळताहेत. पण दर रविवारी ते न बोलावता यायचे, कान लावायचे आणि मान हलवून परत जायचे. पाचव्या रविवारी म्हणाले, "निघाली समदी."

मग त्यांनी भुसा आणि डिंक कालवून भोकं बुजवली, तुळईला रंग दिला. जाताना अंगणातल्या शेवग्याला एक ओंडका टांगला. त्याला त्यांनी घरूनच भोकं पाडून आणली होती.

"त्येंनाबी घर पायजे की."

दोन आठवड्यांनी एक भुंगा त्या ओंडक्यात शिरला. मी लगेच काकांना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुटल्या भोकात?"