पोपटीतलं मीठ आणि माझं चकाचक तोंड

मी पोपटीत तिप्पट मीठ घातलं. तेही मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली त्या दिवशी!

मुलाची आई दातांची डॉक्टर. हे कळलं आणि माझी झोपच उडाली. बाई नमस्कारही नंतर करणार, आधी माझे दात बघणार, याची मला खात्री. त्यात मुलीनं बजावलेलं, "बाबा, एवढा एक दिवस माझं हसं करू नकोस." अक्कलदाढ काढली तेव्हाची माउथवॉशची बाटली कपाटात होती. थोडेच दिवस, सकाळ-संध्याकाळ वापरा, असं तेव्हा सांगितलं होतं खरं. पण मी चहानंतर, जेवणानंतर, वाटेल तेव्हा खळखळ सुरू केली. संपली की नवी बाटली. तोंडात एक जंतू जिवंत ठेवायचा नाही!

"अहो, तोंड धुताय की टाकी?" बायकोनं विचारलं. मी चूळ भरलेली, नुसती मान डोलावली.

सुकापूरला मित्राच्या मळ्यात पोपटीचा, म्हणजे मडक्यात शेंगा-कोंबडी भाजायचा, बेत ठरला. वालाच्या शेंगा टपोऱ्या, मडक्यात घालायचा भांबुर्ड्याचा पाला ताजा, मी हवेतच! मडकं भरायचा मान दरवर्षी माझा. कोंबडीला लावायचं हिरवं वाटण चाखलं. अळणी! मीठ घातलं. तरी अळणी! "हल्ली मिठातही दम राहिला नाही," म्हणत आणखी मूठभर. शेंगांवरही सढळ हात. मडकं उपडं घातलं, जाळ केला, आणि वास काय सुटला म्हणून सांगू!

पहिल्याच घासाला होणाऱ्या जावयानं डोळे मिटले. वा, लागली समाधी! मग त्यानं पाण्याचा तांब्याच तोंडाला लावला.

"बाबा, समुद्रात शिजवलंस का?" मुलगी कुजबुजली. तिचा चेहरा रडवेला.

मी शेंग खाल्ली. मला तर झकास लागली! तसं सांगून मोकळेपणानं हसलो, तर मुलाची आई माझ्या दातांवर नजर रोखून बसलेली.

"माउथवॉश घेता? कितीदा?"

मी अभिमानानं सगळं सांगितलं.

"तरीच दातांवर तपकिरी डाग. मिठाची चवही त्या औषधानंच घालवलीय. बंद करा, येईल परत. अहो, तोंडातले सगळेच जंतू वाईट नसतात, काही राखण करतात. तुम्ही चोरांबरोबर वॉचमनही मारलेत!"

मी हातातली शेंग खाली ठेवली. "मग... लग्नाचं?"

"मुलगी आम्हाला पसंतच आहे," त्यांनी तांब्या पुढे ओढला. "तुम्ही तेवढं आचाऱ्याजवळ फिरकू नका. आणि फोटोत तोंड मिटून हसा."