सोयाबीनला मटण म्हणू नका

बायकोबरोबर मी शेवटचं काम केलं ते सोयाबीनच्या वड्या पिळायचं. रविवार होता. बदलापूरला पोराच्या फ्लॅटमध्ये ती ओट्यापाशी स्टुलावर बसलेली, मी उभा. गरम पाण्यात फुगलेल्या वड्या मुठीत दाबायच्या अन् पाणी काढायचं. ती म्हणाली, "अहो, लादीचं फडकं पिळावं तसं पिळतोय, अन् ह्याला मटण म्हणायचं?" हसली, अन् हसता हसता दम लागला तिला.

बिल्डिंगचा नियम होता, मटण-मच्छी शिजवायची नाही. फ्लॅट घेताना पोरानं मान डोलावली. उल्हासनगरच्या चाळीत आमचा एक रविवार मटणाशिवाय गेला नाही. तिथला खाटीक तिला बघितलं की न सांगता नळीचं हाड बाजूला काढायचा. आतल्या मगजासाठी ती नळी ताटात ठोकायची ते सगळ्या चाळीला ऐकू जायचं. आजारी पडली म्हणून पोरानं आम्हाला इकडं आणलं. तोंडाला चव नव्हती. एकच मागायची, नळीचा रस्सा. सून वड्यांना मटणाचा मसाला घालून पुढं ठेवायची. "आई, अगदी मटणासारखंच लागतं." पोरगा म्हणायचा, "मटणापेक्षा ताकद आहे त्यात." ताकद! मी बाहेरून डबा आणतो म्हटलं तर हात जोडायचा, "बाबा, शेजारी चेअरमन राहतात."

त्या दुपारी वड्या खाऊन ती आडवी झाली, ती उठलीच नाही.

आमच्यात तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावकीला मटणाचं जेवण घालतात. पहिलं ताट गेलेल्या माणसाच्या फोटोपुढं. पोराला आधीच सांगितलं होतं, बाहेर कुठं तरी शिजव. "बघतो," म्हणाला. पंगत बसली, मी फोटोपुढचं ताट वाकून बघितलं. वड्या! तिचा भाऊ घास चावता चावता म्हणाला, "दाजी, ह्या बकऱ्याला हाडं नव्हती का?" लोक हसले.

मी पोराला म्हणालो, "जित्तेपणी फसवलीस, आता मेल्यावर पण?"

"बाबा, लोकांत तमाशा नको."

माझी बायको एका नळीसाठी झुरत गेली, अन् तमाशा मी करतो! नाही खायचं तर नका खाऊ. सोयाबीन खा, दूधभात खा, माझं काय जातं? पण त्याला सोयाबीन म्हणा. आजारी बाईच्या ताटात वाढून त्याला मटण म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उल्हासनगरला गेलो. खाटकाला सांगितलं, ती गेली. त्यानं न सांगता मटणात नळी घातली. परत येऊन बिल्डिंगच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला विटा मांडल्या, लाकडं पेटवली, टोप चढवला. वास वर गेला तसा चेअरमन गॅलरीतून ओरडला, "ओ काका, इथं अलाऊड नाही!"

"तुमच्या बिल्डिंगीत कुठंय मी? रस्ता काय तुमच्या बापाचा?"

शिजेस्तोवर हललो नाही. पोरगा खाली आलाच नाही. सून आली, पदराखाली सासूचा फोटो घेऊन. तो फाटकाला टेकवून ठेवला. मी ताट वाढलं, अन् नळी मीच ठोकली, वरपर्यंत ऐकू जाईल अशी.